नुसती पीडीएफ उघडून भागत नाही

२२ जुलै २०२३ रोजी अर्काइव्हवर, म्हणजे परीक्षणाआधीच निबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, दक्षिण कोरियातल्या संशोधकांचे दोन निबंध आले. नेहमीच्या हवेच्या दाबाला, आणि खोलीच्या तापमानालाच काय, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत विजेला शून्य रोध करणारा पदार्थ हाती लागला आहे, असा त्यांचा दावा होता. पदार्थाचे नाव एलके-९९. दावा टिकला नाही. पण तो ज्या रीतीने कोसळला, तिच्यात खुल्या विज्ञानाबद्दलचा सगळा वाद सामावलेला आहे.

निबंधात कृती दिली होती, आणि ती इतकी सुटसुटीत की दिवाळी अंकातल्या पाककृतीच्या चौकटीत मावावी. लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेट समप्रमाणात घोटून ७२५ अंशांवर २४ तास भट्टीत ठेवायचे, की लॅनार्काइट तयार होते. तांबे आणि फॉस्फरसची पूड निर्वात नळीत बंद करून ५५० अंशांवर ४८ तास तापवायची, की कॉपर फॉस्फाइड मिळते. हे दोन्ही एकत्र दळून पुन्हा निर्वात क्वार्ट्झ नळीत घालायचे आणि ९२५ अंशांवर ५ ते २० तास ठेवायचे. एवढ्यासाठी लागते काय? एक बरी मफल भट्टी, व्हॅक्यूम पंप आणि क्वार्ट्झची नळी सील करू शकणारा एक तयार हात. आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांत हे आहे.

त्यामुळे जगभर भट्ट्या पेटल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला गट नमुना बनवून मोजमाप करणाऱ्या पहिल्या काही गटांत होता. त्यांना अतिसंवाहकता, म्हणजे तो शून्य रोध, दिसली नाही. मग कोणीतरी कृतीकडे रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. समीकरण जुळत नव्हते. लॅनार्काइटमधला गंधक शेवटी जातो कुठे? तो तांब्याशी जोडला जाऊन कॉपर सल्फाइड होतो आणि नमुन्यात मिसळून राहतो. या कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना १०४ अंशांच्या आसपास बदलते आणि त्याचा रोध एकदम खाली येतो. कोरियन निबंधातला आलेखही नेमका तिथेच, १०४.८ अंशांना, घसरला होता. बीजिंगच्या गटाने नुसते कॉपर सल्फाइड मोजून तीच घसरण दाखवली. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधक न वापरता शुद्ध स्फटिक वाढवले; ते निघाले जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय संपला होता. सगळे मिळून पंचवीस दिवस.

आता याच विषयातले दुसरे प्रकरण पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या रंगा डायस यांच्या गटाचा निबंध 'नेचर'मध्ये मुखपृष्ठावर आला: प्रचंड दाबाखाली १५ अंश सेल्सिअसला अतिसंवाहकता. तज्ज्ञांनी तो आधी तपासलेला, नियतकालिक जगातले सर्वांत वजनदार. पण चुंबकीय मोजमापाचा जो आलेख छापला होता तो मूळ आकड्यांचा नव्हता, 'पार्श्वभूमी' वजा केल्यानंतरचा होता. काय वजा केले आणि कसे, हे निबंधावरून कळत नव्हते. मूळ आकडे मागणाऱ्यांना वर्षभराच्या आसपास झगडावे लागले. निबंध मागे घेतला गेला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तेवीस महिन्यांनी. त्याच गटाचा मार्च २०२३ मधला दुसरा निबंधही नोव्हेंबरमध्ये मागे गेला.

परीक्षण न झालेला, घाईघाईत लिहिलेला निबंध पंचवीस दिवसांत निकाली निघाला. परीक्षण झालेल्या प्रतिष्ठित निबंधाला दोन वर्षे लागली. फरक वाचायला मिळण्या-न मिळण्याचा नव्हता. नेचरचा अंक प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात असतो. फरक होता कृती आणि कच्चे आकडे उघडे असण्याचा. ओपन ॲक्सेसवर आपण जो पैसा आणि जी चर्चा खर्च करतो आहोत, ती जवळजवळ सगळी निबंधाची पीडीएफ फुकट उघडते की नाही यावर अडकली आहे. ती उघडावी, यात वाद नाही. पण तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे हॉटेलचे मेन्यूकार्ड मिळाले म्हणून स्वयंपाकघर पाहिल्याचा आनंद मानण्यासारखे आहे.

पैशाचेच आधी बोलू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था आणि १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयात, जिथे ग्रंथालयाचे अख्खे बजेट दोन परदेशी नियतकालिकांत संपायचे, तिथे ही योजना म्हणजे खरोखर पाऊस आहे. तिला नावे ठेवणाऱ्यांनी आधी अशा ग्रंथालयात जाऊन यावे.

तरी ही खरेदी वाचनाची आहे, आणि तीही मुदतीची. संस्थेचा लॉगिन आहे तोवर दार उघडे. पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारी डॉक्टर, द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यूचा ताजा अभ्यास शोधणारा कृषी सल्लागार, मराठीत विज्ञान लिहिणारा पत्रकार हे सगळे दाराबाहेरच. आणि त्या १३,००० नियतकालिकांत आपल्याच करातून झालेले भारतीय संशोधनही आहे. ते आपण एकदा अनुदानातून करवून घेतले, आता वर्गणी भरून परत वाचतो आहोत.

दुसरीकडे निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर लेखकाने प्रकाशकाला शुल्क भरायचे, ही पद्धत रूढ झाली. एपीसी म्हणतात ते हेच. 'नेचर'ने २०२०च्या अखेरीस आपला दर जाहीर केला: ९,५०० युरो. युरोला नव्वद रुपये धरले तरी साडेआठ लाख. जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे एका निबंधाच्या दारावरची पाटी बदलायला एका पीएचडीच्या मुलाचे जवळपास दोन वर्षांचे विद्यावेतन. हा दर टोकाचा आहे, कबूल. पण दोन-अडीच हजार डॉलर हा आता मधला भाव झाला आहे, आणि तोही आपल्या बहुतेक प्रकल्पांच्या 'कंटिन्जन्सी'त, म्हणजे किरकोळ खर्चाच्या तरतुदीत, बसत नाही.

दर हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की जितके निबंध स्वीकारू तितकी कमाई, हे गणित एकदा लागू झाले की चाळण सैल होते. हिंदावी ही खुल्या नियतकालिकांची मोठी कंपनी विली या प्रकाशकाने २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरना घेतली. 'विशेषांक' काढायचे, पाहुणे संपादक नेमायचे, अशी तिची रीत होती. त्या फटीतून पैसे घेऊन निबंध पाडणारे कारखाने आत शिरले. एकट्या २०२३ या वर्षात हिंदावीचे ८,००० वर निबंध मागे घ्यावे लागले आणि विलीने ते नावच बंद केले. हे सगळे निबंध 'ओपन ॲक्सेस' होते, कोणालाही फुकट वाचता येत होते.

आपल्या घरची गोष्ट वेगळी नाही. यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून झालेला हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त प्राथमिक निकषांवरच नापास झाली: पत्ता खोटा, संपादक मंडळाची माहिती नाही, शुल्काबद्दल लपवाछपवी. त्यातून पुढे केअर ही नियतकालिकांची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही यूजीसीने बंद केली. पदोन्नतीसाठी निबंधाची संख्या मोजत राहिलो तर कोणतीही यादी पुरणार नाही. आणि यातली बहुतेक दुकानेही स्वतःला 'ओपन ॲक्सेस'च म्हणवून घेतात.

मग उघडायचे काय? चार गोष्टी: यंत्रातून जसे निघाले तसे आकडे, त्यावर प्रक्रिया करणारी संगणकीय आज्ञावली, प्रक्रियेनंतरचा तक्ता, आणि हे तिन्ही कसे वाचायचे ते सांगणारी एक साधी टिपणवजा फाइल. डायस प्रकरणात पहिली गोष्ट आणि दुसरी गोष्ट समोर असती तर वजाबाकीचा घोळ आठवड्यात दिसला असता.

हे ठेवायला खर्च किती? सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या संकेतस्थळावर एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फुकट ठेवता येते आणि लगेच डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. निबंधाचे म्हणाल, तर परीक्षकांच्या सुधारणा करून झालेले पण प्रकाशकाच्या टाइपसेटिंगपूर्वीचे स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या भांडारात ठेवायला बहुतेक प्रकाशक परवानगी देतात. काही ताबडतोब, काही सहा महिने ते दोन वर्षांच्या खोळंब्यानंतर. कोणाची काय अट, हे 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर नियतकालिकाचे नाव टाकले की कळते. यात चूक एकच होते आणि ती सगळे करतात: हस्तलिखिताऐवजी प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ चढवतात. मग प्रकाशकाची नोटीस येते, ग्रंथपाल घाबरतो आणि भांडारच कुलूपबंद होते.

आकड्यांच्या बाबतीत चुका जास्त बारीक आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध चूक एक्सेलची. मार्च-१ किंवा सेप्ट-२ अशा नावाची जनुके रोमन लिपीत एक्सेलच्या चौकटीत टाइप केली की त्यांची तारीख होते: १ मार्च, २ सप्टेंबर. फाइल जतन झाली की मूळ नाव गेले. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा जनुकांच्या यादीच्या एक्सेल फायली जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असा बिघाड सापडला. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावे बदलली. मार्च-१ आता मार्च-एफ-१ आहे. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने बारसे पुन्हा केले, असे हे उदाहरण. उपाय सोपा आहे: आयात करताना त्या स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवायचा, ठेवताना साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली नुसत्या मजकुराची फाइल) ठेवायची, आणि ती एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने कधीच उघडायची नाही. बाकी नेहमीचे: स्तंभाच्या डोक्यावर एकक नाही, रिकामी जागा म्हणजे शून्य की 'मोजलेच नाही' ते कळत नाही, लाल-हिरव्या रंगाने अर्थ दाखवलेला, जो सीएसव्ही करताना उडून जातो.

आणि लेखकांचे ते लाडके वाक्य: 'वाजवी विनंती केल्यास विदा उपलब्ध करून दिली जाईल.' विदा म्हणजे डेटा. बायोमेड सेंट्रलच्या नियतकालिकांतल्या अशी तयारी दाखवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना एका गटाने खरोखरच पत्रे लिहिली. ९३ टक्के लेखकांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. यात सगळेच लबाड होते असे नाही. मुलगी पीएचडी करून निघून गेली, हार्ड डिस्क तिच्याबरोबर गेली, लॅपटॉप बिघडला. पाच वर्षांनी 'फायनल', 'फायनल नवा' आणि 'खरा फायनल' यांतली खरी फाइल कोणती, हे गाइडलाही सांगता येत नाही. म्हणून ठेवायची वेळ निबंध पाठवण्याच्या दिवशीची. नंतरची वेळ कधी येत नाही.

उघडे आकडे म्हणजे नेमके काय, हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर १४ सप्टेंबर २०१५ च्या गुरुत्वलहरीची फाइल उतरवून घ्यावी. अकरा फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला त्याच दिवशी ही लहर टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने ती फाइल खुली केली. बत्तीस सेकंदांचा तुकडा, सेकंदाला ४,०९६ नोंदी, म्हणजे १,३१,०७२ आकडे. आकार मोबाइलमधल्या एका फोटोएवढा. सरळ आलेख काढला तर काहीही दिसत नाही, नुसता गोंगाट. त्यात अमेरिकन विजेची ६० हर्ट्झची गुणगुणही असते. आधी गोंगाटाचा वर्णपट सपाट करायचा, मग ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवून बाकी गाळायचे. आणि ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी ती चिवचिव समोर येते. लायगोच्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंगस्टनला ती हॅनफर्डच्या ६.९ मिलिसेकंद आधी पोचली होती; एक आलेख तेवढा सरकवून उलटा केला की दोन्ही एकमेकांवर बसतात. नवशिक्याची चूक ठरलेली: तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर न आणता सरळ फूरिये रूपांतर (लहरीतल्या वारंवारता वेगळ्या काढण्याचे गणित) करणे. तसे केले की कडांवरची उडी सगळ्या वर्णपटात पसरते आणि नसलेले संबंध दिसू लागतात. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने याच खुल्या फायली वापरून लायगोच्या गोंगाटाबद्दल शंका काढली, तेव्हा त्यांना दिलेल्या उत्तरातला पहिला मुद्दा हाच होता. वाद रंगला, तिसऱ्यांनी स्वतंत्रपणे आकडे तपासले, शोध टिकला. टिकला म्हणून आज त्यावर जास्त विश्वास आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियासाठी २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. तिथून कॉलेजला जाणाऱ्या मुलाला ही फाइल आजही उघडता येते, हे मला त्या बांधकामाइतकेच महत्त्वाचे वाटते.

फायदा फक्त तपासणीचा नाही. पुण्याच्या एनसीआरए-टीआयएफआर या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका जाहीर केली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची, आणि तरी दोन नीटस बाहू असलेली. त्यासाठी त्यांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीवर स्वतःच्या वेळेचा अर्ज केलेला नव्हता. सर्वांसाठी खुल्या असलेल्या सर्वेक्षणाच्या २१ गाळण्यांमधल्या प्रतिमांतून त्यांनी ती शोधली. ज्यांनी दुर्बीण बांधली त्यांच्या डोळ्यांसमोरून निसटलेले पुण्यात बसून सापडले. प्रथिनांचेही तेच: १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक पन्नास वर्षे सगळ्यांनी इमानेइतबारे भरत नेली नसती, तर २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोचलेल्या अल्फाफोल्ड या प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या संगणकप्रणालीला शिकायला काही नव्हते.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: परीक्षणाआधीच सगळे उघडले तर कचरा पसरेल. पसरतो. जानेवारी २०२० च्या शेवटी दिल्लीतल्या एका गटाने करोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे 'घातलेले' दिसतात असा प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा निबंध) टाकला. दोन दिवसांत तज्ज्ञांनी दाखवले की तसे छोटे तुकडे कित्येक जीवांत सापडतात. गटाने तो मागे घेतला. व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतो, हे नुकसान खरे. पण त्याच वर्षी २२ मे रोजी 'लॅन्सेट'ने, परीक्षण करून, ९६,०३२ रुग्णांवरचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा निबंध छापला. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. विदा सर्जिस्फिअर नावाच्या खासगी कंपनीकडे, बंद. संशय आला कुठून? निबंधात ऑस्ट्रेलियातले ७३ मृत्यू होते, आणि त्या तारखेपर्यंत देशात जाहीर झालेले एकूण मृत्यू होते ६७. देशाचे आकडे उघडे होते म्हणून हे कळले. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. परीक्षक सहसा कच्चे आकडे पाहतच नाहीत, त्यांना दाखवलेलेच तपासतात. तेव्हा परीक्षण की खुलेपणा हा पर्यायच चुकीचा मांडला जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: काही गोष्टी उघडू नयेत. दक्षिण चीनमधल्या एका पालीचे शास्त्रीय वर्णन छापून येताच संग्राहकांनी निबंधातले ठिकाण वाचून तिला तिथून नाहीसे केले. सह्याद्रीत दरवर्षी नव्या पाली, बेडूक, कंदीलपुष्पाच्या जाती नोंदल्या जातात. त्यांचे अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत छापणे म्हणजे चोराला पत्ता देणे. खुल्या नोंदीत एकच दशांश ठेवावा, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरचा चौकोन. नेमके ठिकाण वनखात्याकडे आणि संग्रहालयाच्या नोंदीत राहू दे. माणसांच्या जनुकांचेही तसेच. जिनोमइंडिया या प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा फरिदाबादच्या केंद्रात अर्ज तपासून दिली जाते, आणि ते योग्यच आहे. छोट्या जमातीत नाव काढून टाकले तरी माणूस ओळखता येतो.

तिसरा, 'माझी विदा वापरून दुसरा आधी निबंध लिहील' हा. त्यावर खगोलशास्त्राने फार पूर्वी तोडगा काढला. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षण घेणाऱ्याला ठरावीक मुदत मिळते, मग नोंदी सर्वांच्या. मुदतीची पाटी लावा; कुलूप कशाला?

लेखकाकडून पैसे न घेता चालवणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना मुंबईच आठवण करून देईल. केईएम आणि जी. एस. मेडिकलचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' वाचकालाही फुकट आणि लेखकालाही, या रीतीने चालले. छापील अंकाची वर्गणी खर्च भागवायची. ते प्रकाशित करणाऱ्या मेडनो या कंपनीने ही रीत डझनावारी वैद्यकीय नियतकालिकांना लावली, आणि ती इतकी चांगली चालली की २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या परदेशी प्रकाशकाने कंपनीच विकत घेतली. कोइमतूरचे 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'ही लेखकाकडून शुल्क न घेता चालत आले. ६,००० कोटींतला अगदी थोडा वाटा अशा नियतकालिकांच्या कॉपी एडिटरला, सर्व्हरला आणि पगारी विदा-ग्रंथपालाला गेला, तरी त्याचे फळ वर्गणीची मुदत संपल्यावरही उरेल.

नियम तर आहेतच. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांचे खुल्या प्रवेशाचे धोरण डिसेंबर २०१४ पासून आहे. पण नियमाची आठवण माणसाला पैशाच्या हप्त्याला होते. प्रकल्पाचा पुढचा हप्ता सुटण्याआधी सरकारी वित्त नियमांतल्या जीएफआर १२-अ या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. आधीची शिल्लक, मिळालेले व्याज, मिळालेले अनुदान, झालेला खर्च, परत केलेली रक्कम यांचे रकाने त्यात आहेत. एका रुपयाचा फरक निघाला तरी फाइल परत येते. त्याच फाइलला आणखी एक पान लागू शकते, दोन स्तंभांचे: या वर्षी प्रसिद्ध झालेला निबंध, आणि त्याच्या कच्च्या विदेचा डीओआय. दुसरा स्तंभ रिकामा असेल तर शेजारी कारण लिहायचे, आणि फाइल तशीच परत पाठवायची.